अनवाणी धावणाऱ्या अबेबेची गोष्ट पाचवीच्या पोरांना कशी सांगू?

खडूफळा:

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथी-पाचवी एकत्र माझ्याकडे. २९ ऑगस्टला क्रीडा दिन, दरवर्षी ध्यानचंदांची गोष्ट सांगून होते, यंदा पोरांनी आधीच बजावलंय, बाई तीच नको. पळायचं वेड आहे आमच्याकडे, तालुक्याच्या स्पर्धेसाठी दोघी जणी निवडल्या गेल्यात, म्हणून म्हटलं लांब पल्ल्याच्या धावपटूची सांगावी. इथिओपियाचा अबेबे बिकिला, रोम ऑलिंपिक १९६०, अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला, एवढंच मला माहितीये. व्हॉट्सॅपवर जे फिरतं त्यात गोष्ट अशी की गरीब पोरगा, बूट घ्यायला पैसे नाहीत, तरी जिद्दीने पळाला, जिंकला, खाली हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल.

अडचण ही की ही गोष्ट माझ्या वर्गात चालणारच नाही. अर्धी पोरं खेळाच्या तासाला चपला भिंतीकडेला काढून ठेवतात आणि मगच पळतात, त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. मी डोळे मोठे करून 'अनवाणी पळाला बरं का!' म्हटलं की कोणीतरी उठून म्हणणार, 'मग काय झालं बाई, आम्ही पण पळतो.' आणि खरं सांगायचं तर ज्यांच्या घरी बुटांची मारामार आहे त्यांच्यापुढे उभं राहून बूट नसलेल्या माणसाची गोष्ट रडव्या आवाजात सांगायला मला कसंतरीच होतं.

तर यातलं खरं काय आहे, कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. आणि वीस मिनिटांत दहा वर्षांच्या पोरांना सांगायची तर सुरुवात कुठून करू? आमच्याकडे 'खरंच का?' विचारणारी दोन-तीन नमुने आहेत, त्यामुळे फेकाफेकी चालत नाही.

घाटातला_धावरा:

बाई, तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. पैसे नव्हते म्हणून अनवाणी, हे खरं नाही. अबेबे सम्राट हैले सेलासीच्या अंगरक्षक दलात नोकरीला होता, देशाच्या टीमबरोबर रोमला आला होता, सोबत ओन्नी निस्कानेन नावाचा स्वीडनचा कोच. बूट होते की! पण रोममध्ये घेतलेले नवे बूट चावायला लागले, पायाला फोड आले. घरी अदिस अबाबाला अनवाणी पळायची सवय होतीच, मग ठरलं की बिनबुटाचंच पळायचं. आमच्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट हीच सांगतो की बाबा रेसच्या दिवशी नवे बूट घालू नकोस, ते हाफ मॅरेथॉनला सुद्धा तुला रडवतील. अबेबेने तेच केलं फक्त जरा टोकाला जाऊन.

आता दुसरं. 'अनपेक्षित विजय' म्हणतात सगळे, पण अनपेक्षित कोणाला? रोमच्या आधी, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अदिस अबाबाच्या शर्यतीत हा माणूस २ तास २१ मिनिटं २३ सेकंदात पळला होता. तेव्हाचा ऑलिंपिक रेकॉर्ड होता एमिल झाटोपेकचा, १९५२ चा हेलसिंकीचा, २ तास २३ मिनिटं ३ सेकंद. म्हणजे रोमला यायच्या आधीच हा ऑलिंपिक रेकॉर्डपेक्षा दीड मिनिटाने फास्ट होता, आणि तेही कुठे, तर अदिस अबाबाला, जे समुद्रसपाटीपासून साधारण २३५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर अजून सातशे मीटर चढा आणि तिथल्या विरळ हवेत मॅरेथॉन पळा, मग खाली रोमला या. खाली आल्यावर फुफ्फुसांना दिवाळीच.

पण हे टायमिंग युरोपात कोणी मनावर घेतलं नाही. इथिओपियाचा कोण अबेबे, कोणाला ठाऊक! सगळ्यांचं लक्ष सोव्हिएत रशियाच्या सर्गेई पोपोव्हवर, जागतिक रेकॉर्ड त्याच्या नावावर होता, २ तास १५ मिनिटं १७ सेकंद. तो रोममध्ये पाचवा आला. तर माझं म्हणणं एवढंच की पोरांना 'चमत्कार झाला' असं सांगू नका. तयारी पूर्ण होती, ती बघायला तिथे कोणी गेलं नव्हतं.

(आणि हो, इथिओपियात पहिलं नाव स्वतःचं, पुढचं वडिलांचं. म्हणून त्याला अबेबे म्हणा, बिकिला म्हणजे त्याचे वडील झाले.)

खडूफळा:

अरे वा! हे फोडांचं सांगितलंत ते फार कामाचं, नवी चप्पल चावणं म्हणजे काय हे आमच्या प्रत्येक पोराला कळतं. गेल्या महिन्यात गणवेशाबरोबर बूट वाटप झालं तेव्हा निम्म्यांना घट्ट, निम्म्यांना ढगळ, पोरं आठवडाभर लंगडत होती. पण सुरुवात कुठून करू ते राहिलंच.

गोष्टीवेल्हाळ:

मी वाचनालयात लहान मुलांचा गोष्टीचा तास घेते, ही गोष्ट सांगून झालीये, दरवेळी जरा वेगळी होते. मी बुटापासून सुरू करत नाही, दगडापासून करते. बूट नकाशात असतो! आधी पोरांना जगाचा नकाशा दाखवून म्हणायचं, शोधा बघू बूट कुठाय, ती दोन मिनिटांत इटली शोधतात. मग खाली आफ्रिकेत इथिओपिया शोधायला लावायचा. मग ही अशी, माझ्या शब्दांत लिहिते, तुम्ही तुमच्या करा.

इथिओपियात अक्सूम नावाचं जुनं गाव आहे. तिथे फार पूर्वी, सतराशे वर्षांपूर्वी, लोकांनी एक मोठ्ठा दगडी खांब कोरला. किती मोठा? चोवीस मीटर. आपल्या शाळेवर अजून सहा-सात शाळा ठेवल्या तर जेवढं होईल तेवढा. त्यावर दारं-खिडक्या कोरलेल्या, खोट्या खोट्या, उघडत नाहीत. १९३५ साली इटलीच्या सैन्याने इथिओपियावर हल्ला केला, विमानं होती, बॉम्ब होते, विषारी वायू होता. देश जिंकला आणि तो खांबपण उचलून नेला, रोममध्ये नेऊन चौकात उभा केला, बघा आम्ही काय आणलंय म्हणून. (इथे पोरं चिडतात. चिडू द्या. 'दुसऱ्याची वस्तू घेतली की परत द्यावी लागते' हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.) त्यांनी हल्ला केला तेव्हा इथिओपियातल्या एका खेड्यात तीन वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नाव अबेबे.

मुलगा मोठा झाला, राजाच्या पहारेकऱ्यांत भरती झाला, आणि पळायला लागला. डोंगरात, चढावर, उतारावर.

आता चला रोमला. तारीख १० सप्टेंबर १९६०, संध्याकाळचे साडेपाच. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. दिवसा ऊन फार म्हणून शर्यत संध्याकाळी, आणि स्टेडियममध्ये नाहीच, सुरुवात रस्त्यावर आणि शेवटही रस्त्यावर. ६९ जण उभे. त्यात हिरव्या बनियनवाला एक, छातीवर नंबर ११, पायात काहीच नाही. लोक बघतायत, हसतायत, म्हणतायत हा बूट विसरून आला की काय.

कोचने त्याला बजावलं होतं, मोरोक्कोचा रादी नावाचा धावपटू आहे, नंबर २६, त्याच्यावर नजर ठेव, तो लय भारी आहे. बरं. शर्यत सुटली. पाच किलोमीटर झाले, दहा झाले, पुढे चौघं जण आहेत, अबेबे त्यांच्यात आहे, पण २६ नंबर कुठे दिसत नाही. वीस किलोमीटर झाले, आता पुढे दोघंच उरले, एक अबेबे आणि शेजारी एक जण ज्याच्या छातीवर १८५ लिहिलंय. अबेबेला वाटतंय २६ नंबर अजून पुढेच असणार, पळा, गाठा त्याला!

(इथे थांबायचं आणि विचारायचं, २६ नंबर कुठे असेल सांगा बघू? कोणी म्हणतं पडला, कोणी म्हणतं मागे राहिला, एकदा एक पोरगी म्हणाली तो घरी गेला. मग एखाद्याच्या डोक्यात ट्यूब पेटते.) अहो, शेजारी पळतोय तोच रादी! १८५ नंबर त्याने दोन दिवसांपूर्वी दहा हजार मीटरच्या शर्यतीत लावला होता, आज मॅरेथॉनचा २६ सोडून तोच लावून आलाय. आणि अबेबे बिचारा पुढे नसलेल्या माणसाचा पाठलाग करतोय.

अंधार पडला. रस्ता जुना, दोन हजार वर्षांहून जुना, त्याला अप्पियन मार्ग म्हणतात, दगडी फरशांचा. दिवे नाहीत. मग दोन्ही बाजूंना सैनिक उभे केलेले, हातात पेटत्या मशाली घेऊन. त्या उजेडात दोघं पळतायत. एकाच्या बुटांचा आवाज येतोय टप टप टप टप. दुसऱ्याचा आवाजच नाही.

(हे पोरांना करायला आवडतं. अर्ध्यांनी बाकावर टप टप वाजवायचं, अर्ध्यांनी हात नुसते हवेत.)

आता एक किलोमीटर राहिला. समोर चौक. आणि चौकात काय उभं आहे? तोच खांब. अक्सूमचा. अबेबे आणि कोच आधी येऊन रस्ता बघून गेले होते आणि जोर लावायची जागा त्यांनी हीच धरून ठेवली होती. खांब आला आणि अबेबेने वेग वाढवला. रादीने प्रयत्न केला, नाही जमलं. अबेबे एकटा कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली पोचला, २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद. रादी पंचवीस सेकंदांनी आला. ज्याच्यासाठी अबेबे रस्ताभर पुढे बघत होता तो मागून आला!

ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. आणि पोपोव्हचा जागतिक रेकॉर्ड मोडला तो किती फरकाने, तर ०.८ सेकंद. तुम्ही 'हजर बाई' म्हणता ना, तेवढा पण वेळ नाही.

संपलं. मग पोरं हमखास विचारतात, खांबाचं काय झालं? इटलीने १९४७ च्या तहात परत द्यायचं कबूल केलं आणि दिला २००५ साली, तीन तुकडे करून विमानाने. २००८ मध्ये अक्सूमला परत उभा राहिला. त्यांचा पुढचा प्रश्न, 'एवढा उशीर का?' त्याचं उत्तर तुम्हीच द्या बाई, मी चहा घ्यायला जाते.

घाटातला_धावरा:

गोष्टीवेल्हाळताई, नंबरचं फार झकास सांगितलंत. एक भर घालतो, त्याच शर्यतीत इथिओपियाचा दुसरा अबेबे पण होता, अबेबे वाकगिरा, तो सातवा आला. ६९ मध्ये सातवा! त्याला कोणी विचारत नाही बिचाऱ्याला. पण पोरांना हे सांगण्यासारखं आहे की एकटा अबेबे आकाशातून नव्हता पडला, तिथे तयार होणारी माणसंच तशी होती, कोच तसा होता. पुढे १९६८ ला मेक्सिकोत मामो वोल्दे जिंकला, तोही इथिओपियाचाच. आज मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडवर सगळ्यात पुढे जी माणसं दिसतात त्यात बघा इथिओपियाचे किती असतात.

मराठीबाणा_७०:

सगळं ठीक आहे हो, पण मला एक कळत नाही, आपल्याकडे धावपटू नव्हते का? उठसूट परदेशी गोष्टी. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळला, एकोणिसावा आला, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, ते सुद्धा त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. त्याला पाठवलं कोणी, तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांच्या पोरांना अनवाणी पळताना बघून दोराबजी टाटांना वाटलं की यांना ऑलिंपिकला न्यायला पाहिजे, तिथून भारताची ऑलिंपिकची सुरुवात आहे. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे घ्या, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) केनियावाल्यांच्या मध्ये घुसून रौप्य आणलं, सोनं ०.०५ सेकंदाने हुकलं. नाशिकची कविता राऊत घ्या. हे सांगा ना पोरांना.

खडूफळा:

काका, चौगुल्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, आणि आमच्या शाळेतल्या कोणालाच माहीत नसणार, त्यामुळे तेही सांगणारच. पण अबेबेच्या बदल्यात नाही, नंतर. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला कशाला वाढायचं. साबळे पोरांना माहितीयेत, भिंतीवर फोटो आहे.

आता मला जे अडतंय ते पुढचं. मी काल थोडं वाचलं तर अबेबेला पुढे मोठा अपघात झाला असं दिसलं. ते सांगायचं का? की रोमलाच गोष्ट थांबवू? दहा वर्षांची पोरं आहेत, जिंकलेल्या माणसाचं पुढे असं झालं म्हटल्यावर तोंडं उतरतात.

गोष्टीवेल्हाळ:

मी रोमलाच थांबवते. फार तर टोकियो सांगते. १९६४ ला टोकियोच्या आधी साधारण सहा आठवडे त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, लोक म्हणाले आता हा काय पळतो, आणि हा २ तास १२ मिनिटं ११ सेकंदात आला, परत जागतिक रेकॉर्ड. दुसरा आलेला माणूस चार मिनिटांनी आला! तोवर हा मैदानावर गवतात पडून पायांचे व्यायाम करत होता, सायकल चालवल्यासारखे. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा पहिला माणूस. पोरं खूष होतात, आपण पण खूष होतो, उगाच पुढे कशाला जायचं.

घाटातला_धावरा:

आणि टोकियोला बूट घालून पळला होता हे जरूर सांगा! पायाला बसणारे मिळाले, घातले. 'अनवाणीच पळलं पाहिजे' असलं काही व्रत नव्हतं त्याचं.

पायदुखी:

मी फिजिओ आहे, अपघाताबद्दल वेगळं मत आहे माझं, पण आधी अनवाणीबद्दल दोन शब्द, कारण असल्या गोष्टी झाल्या की पुढच्या आठवड्यात आईबाप पोरांना घेऊन आमच्याकडे येतात.

तुमची पोरं मातीवर अनवाणी पळतात ते ठीक आहे, रोजचं आहे, तळवा टणक झालेला असतो. त्रास होतो तो शहरातल्या पोरांना, जी एरवी घरातसुद्धा स्लिपर घालतात आणि गोष्ट ऐकून सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर बूट फेकून सुटतात. पोटऱ्या धरतात, टाच दुखते. अबेबेचे पाय काही एका संध्याकाळी तयार झाले नव्हते. मैदानात काचा, बाभळीचे काटे, गंजका पत्रा आहे का तेवढं आधी बघून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पोरांना झालेलं आहे का तेही. दहाव्या वर्षी एक डोस असतोच, तुमच्या पाचवीच्या वर्गात कोणाचा राहिला असेल तर या निमित्ताने आरोग्य सेविकेला विचारून टाका.

आता अपघात. मी म्हणते सांगा. १९६९ मध्ये त्याची गाडी उलटली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. इंग्लंडला स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, पाय परत आले नाहीत. पण हे हॉस्पिटल कुठलं माहितीये का, जिथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४८ पासून व्हीलचेअरवरच्या पेशंटांच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि ज्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं. अबेबेने तिथे धनुष्यबाण हातात घेतला, टेबल टेनिस खेळला, आणि १९७१ मध्ये नॉर्वेत बर्फावरच्या स्लेजच्या शर्यतीत उतरला आणि ती जिंकला. आणि सगळ्यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे जगातलं पहिलं पॅरालिंपिक झालं कुठे आणि कधी? रोम, १९६०, सप्टेंबरची १८ तारीख! अबेबेच्या मॅरेथॉननंतर आठ दिवसांनी, त्याच गावात. तेव्हा त्याला काय माहीत.

तोंडं उतरली तर उतरू द्या की. पोरांच्या घरात पण अपघात होतात, आजी पडते, बाबांचा पाय मोडतो, त्यांना हे सगळं माहीत असतं. आणि मराठीबाणा काकांसाठी खास, आपल्या सांगली जिल्ह्याच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. भारताचं पहिलं.

मराठीबाणा_७०:

पेटकरांचं नाव काढलंत, बरं वाटलं. ठीक आहे, सांगा अबेबेपण.

गोष्टीवेल्हाळ:

हं, रोमच्या पॅरालिंपिकचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरीपण चौथीच्या पोरांना एकाच दिवशी एवढं सगळं नको वाटतं मला, युद्ध झालं, खांब झाला, शर्यत झाली, त्यावर अपघात म्हणजे ओझं. दोन तासांत करा बाई. पहिल्या दिवशी रोम, दुसऱ्या दिवशी टोकियो आणि पुढचं. शेवटी तो १९७३ ला वारला, ४१ वर्षांचा होता, ते कोणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही.

पाढेवाले_गुरुजी:

जरा उशिरा आलो. गोष्ट सगळ्यांनी छान सांगितलीच आहे, माझं फक्त एक. पोरांना २ तास १५ मिनिटं म्हटलं की काही डोळ्यासमोर येत नाही. त्यांना वाटतं दोन तास म्हणजे खूपच वेळ, आम्ही पण पळू दोन तास. मैदानावर न्या आणि अबेबेचा वेग पळायला लावा.

हिशेब असा. अंतर ४२,१९५ मीटर. वेळ ८११६ सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ५.२ मीटर येतात. म्हणजे शंभर मीटर साधारण १९ सेकंदात. आता पाचवीतलं चपळ पोरगं १९ सेकंदांत शंभर मीटर आरामात पळतं, उलट लवकरच पोचतं आणि म्हणतं, हॅ, एवढंच? मग म्हणायचं, शाब्बास, आता न थांबता अजून एकदा. अजून एकदा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वर्ग गपगार होतो. अबेबेने असे शंभर मीटर ४२२ वेळा केले, मध्ये पाणी प्यायला सुद्धा न बसता. मी हे सातवीला केलंय, वर्गातला सगळ्यात दांडगट पोरगा पाचव्या फेरीला कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, तो माणूस आहे ना नक्की?'

याच्यासाठी एक करा, गोष्टीच्या आधी पळवू नका, नंतर पळवा. आधी पळवलं तर दमलेली पोरं गोष्टीत झोपतात.

घाटातला_धावरा:

गुरुजी, जबरदस्त. हे मी आमच्या रविवारच्या ग्रुपला पण करायला लावणार आहे, तिथेही बरेच जण 'हॅ, एवढंच?'वाले आहेत.

खडूफळा:

सगळ्यांचे आभार हो. ठरलं, दोन दिवसांत करते. पहिल्या दिवशी नकाशा, खांब, नंबरची गंमत, बाकावरची टप टप, रोम. दुसऱ्या दिवशी टोकियो, पुढचं सगळं पायदुखी ताईंनी सांगितलंय तसं, मग चौगुले आणि पेटकर. धनुर्वाताचं आजच आरोग्य सेविकांना फोन करून विचारते. काटे वेचायला पोरंच लावते, त्यांना तास बुडाला की आनंदच.

गुरुजी, एकच अडचण. आमच्या मैदानाची सरळ बाजू शंभर मीटर नाहीये, टेप लावून मोजली तर साठच भरते, पलीकडे लगेच अंगणवाडीची भिंत. वळवून पळवलं तर वेग जातो. साठ मीटरचा हिशेब काय होईल?

पाढेवाले_गुरुजी:

साडेअकरा सेकंद. आणि ७०३ वेळा. वर १५ मीटर उरतात, ते तुम्ही पळा.